पेशी नसलेला घटक

प्रश्न असा होता : ‘उताऱ्याच्या आधारे सांगा, पुढीलपैकी पेशी नसलेला घटक कोणता?’ खाली चार पर्याय. तांबड्या पेशी, पांढऱ्या पेशी, रक्तपट्टिका आणि रक्तद्रव. पहिल्या दोघांच्या नावातच पेशी असल्यामुळे प्रश्न काढणाऱ्याने त्यांना चौकशीआधीच सोडून दिले होते. उरलेल्या दोघांपैकी एकावर खूण करायची होती. ती ‘रक्तद्रव’वर झाली, उत्तरसूचीत ‘रक्तपट्टिका’ छापलेले निघाले आणि एका बाईची वाट तिथेच अडली.

ती बाई माझ्या नात्यातली नव्हे. गेल्या वर्षी माझ्या पत्नीला डेंग्यू झाला, तेव्हा ज्या रुग्णालयात आम्ही आठ दिवस काढले, तिथल्या वॉर्डात ती मावशी म्हणून कामाला आहे. चादरी बदलणे, रुग्णाला उठवून बसवणे, रक्ताच्या नळ्या तपासणीघरात पोचवणे ही तिची कामे. राहायला कुंभारीच्या कामगार वसाहतीत. घरात तेलुगू, बाहेर मराठी, आणि दोन्ही भाषांत बोलणे कमी. पत्नी बरी होऊन घरी आल्यावरही ती अधूनमधून रविवारी येऊन जाई. दोघी स्वयंपाकघरात बसत. मला त्या गप्पांत प्रवेश नसे.

ऑक्टोबरातल्या एका रविवारी मात्र ती थेट माझ्या टेबलापाशी आली आणि घडी घातलेली प्रश्नपत्रिका, उत्तरसूची आणि परीक्षेची सूचना समोर ठेवली. रुग्णालयाच्या संस्थेने परिचारिका सहायक प्रशिक्षणाच्या काही जागा आपल्याच कर्मचाऱ्यांसाठी राखल्या होत्या. लेखी परीक्षा पन्नास गुणांची, उत्तीर्ण व्हायला निम्मे हवेत, वयाची अट चाळीस वर्षांची. तिला चोवीस मिळाले होते. पुढची परीक्षा होईपर्यंत ती चाळिशी ओलांडणार होती. उत्तरसूचीवर लेखी हरकत घेण्यास बुधवारी सायंकाळी पाचपर्यंत मुदत होती.

“काका, एका मार्कानं गेलं,” ती म्हणाली. “तुम्ही लई कडक लिहिता. बघा की जरा.”

मी कडक लिहितो हे तिला ऐकून नव्हे, पाहून ठाऊक होते. त्याकडे पुढे येईन.

मी सोलापुरात न्यायालयाच्या कचेरीत छत्तीस वर्षे नोकरी केली. मी वकील नव्हतो. वकिलांनी दाखल केलेल्या कागदांतल्या उणिवा काढून ते परत पाठवणे हे माझे काम होते. निवृत्तीनंतर कागद यायचे थांबले, पण उणिवा दिसायच्या थांबल्या नाहीत. नळाला पाणी ठरल्या दिवशी न आल्याबद्दल, चौकातल्या पाटीवरच्या ऱ्हस्व-दीर्घाबद्दल, बँकेच्या अर्जातल्या दुहेरी नकाराबद्दल मी पत्रे लिहीत असतो. प्रत्येकाची कार्यालयीन प्रत फाइलला लावतो. ह्यांचं रक्त तपासलं तर शाई निघेल, असे पत्नी येणाऱ्याजाणाऱ्याला सांगते.

हरकत लिहिण्यापूर्वी मूळ कागद वाचावा, या शिस्तीने मी ती प्रश्नपत्रिका स्वतः सोडवायला घेतली. उताऱ्यावर पाच प्रश्न होते. उताऱ्याचा विषय नेमका डेंग्यू. रक्तद्रवात तांबड्या पेशी, पांढऱ्या पेशी आणि रक्तपट्टिका तरंगत असतात, हे आधी. रक्तपट्टिका या पूर्ण पेशी नसून अस्थिमज्जेतल्या मोठ्या पेशींचे तुटलेले तुकडे असतात, हे त्यानंतर. पुढे म्हटले होते की या आजारात पट्टिका घटतात, परंतु मोठा धोका रक्तद्रव रक्तवाहिन्यांतून बाहेर झिरपण्याचा असतो. आणि हा धोका पुष्कळदा ताप उतरू लागल्यानंतरच्या एकदोन दिवसांत संभवतो.

मी घड्याळ लावून बसलो, उत्तरे लिहिली, सूचीशी ताडून पाहिली. पाचांपैकी तीन बरोबर. तिची चार होती.

पहिला अर्धा तास मी सूचीवर संतापलो. नंतर मला कुतूहल वाटू लागले, कारण माझ्या दोन चुकांपैकी एक खरोखरच चूक होती. ‘उताऱ्यानुसार रुग्णास सर्वाधिक धोका केव्हा असतो?’ याला मी ‘ताप सर्वांत जास्त असताना’ असे उत्तर दिले होते. उताऱ्यात त्याच्या उलट लिहिलेले होते आणि ते मी पाचच मिनिटांपूर्वी वाचले होते. तरीही हाताने जुने उत्तर लिहिले. डोळ्यांनी साक्ष नोंदवली आणि निकाल मात्र आधीच लिहून ठेवलेला होता, असा हा प्रकार. न्यायालयात असे कोणी केले असते तर मी चार पाने लिहिली असती.

आकलनाचे प्रश्न हे एक निराळेच अधिकारक्षेत्र असते, हे मला त्या दुपारी उमगले. तिथे जे उताऱ्यात आहे तेवढेच अस्तित्वात असते. तुम्हाला काय ठाऊक आहे, तुम्ही काय पाहिले आहे, याची तिथे दखल नसते. अभिलेखावर जे आले नाही ते घडलेच नाही, या नियमात मी आयुष्य घालवले. तरी शरीराबद्दलचा कागद समोर येताच मी तो नियम विसरलो. आणि जिने शाळा नववीतच सोडली, पुढे रात्रशाळेतून दहावी केली, तिने तो प्रश्न अचूक सोडवला होता.

माझी दुसरी चूक म्हणजे तोच पेशीचा प्रश्न. मीही ‘रक्तद्रव’ लिहिले होते. उतारा पुन्हा वाचला आणि माझ्या लक्षात आले की ही चूक नव्हेच. रक्तपट्टिका पूर्ण पेशी नाहीत हे खरे. पण रक्तद्रव म्हणजे ज्यात पेशी तरंगतात तो द्रव, तोही पेशी नाही. म्हणजे दोन पर्याय बरोबर, आणि गुण एकालाच. यापेक्षा उघड उणीव मी कचेरीतही क्वचित पाहिली होती. मी लेखणी उचलली, आणि मग स्वयंपाकघरात पत्नीजवळ बसलेल्या तिला सवयीने एक प्रश्न विचारला, जो पक्षकाराला विचारायचाच असतो. तू रक्तद्रवावर खूण का केलीस?

तिने सांगितले ते असे. बारा वर्षे ती वॉर्डात एकच शब्द ऐकत आली आहे. नातेवाईक विचारतात, पेशी किती; सिस्टर फोनवर सांगते, पेशी वाढल्या; डॉक्टर म्हणतात, पेशी वीस हजारांखाली गेल्या तर कळवा. या पेशी म्हणजे पट्टिकाच. “पेशींनाच पेशी नाही कसं म्हणू, काका?” ती म्हणाली. “म्हणून उरलेल्यावर टिक केली.”

म्हणजे उत्तर बरोबर होते आणि कारण चुकीचे. उताऱ्यातले ते वाक्य तिने वाचले होते, पण बारा वर्षांच्या कानापुढे त्याचे काही चालले नाही. आम्ही दोघांनी एकेक प्रश्न तसाच घालवला होता, फरक इतकाच की तिची चूक योगायोगाने बरोबर उत्तरावर जाऊन पडली.

हा शब्द मलाही नवा नव्हता. मराठवाड्याकडून आमच्याकडे आलेले जुने वकील तारखेला पेशी म्हणत. “आज माझ्या दोन पेशी आहेत,” असे ते म्हणाले की आम्ही कारकून हसत असू. एकाच शब्दात न्यायाधीशापुढची हजेरी, शरीराचा सूक्ष्म घटक, आणि सोलापूरच्या प्रत्येक घरात माहीत असलेला तो आकडा, असे तिघे राहतात हे मी यापूर्वी कधी ध्यानात घेतले नव्हते. आपण ज्याविषयी भांडणार ती वस्तू एकदा पाहावी, अशी मला इच्छा झाली.

सोमवारी सकाळी मी आमच्या गल्लीच्या तोंडाशी असलेल्या रक्ततपासणीच्या दुकानात गेलो. तिथला तंत्रज्ञ मला ओळखतो. त्याच्या पावतीवरील ‘लघवि’ मी दुरुस्त करून घेतली होती. मी हेतू सांगितला. आता मोजणी यंत्र करते, असे त्याने सांगितले, पण गिऱ्हाईक नव्हते आणि त्याला मौज वाटली असावी. त्याने माझ्या बोटाला टोचून काचेवर थेंब पसरला, रंग घातला, वाळवला आणि सूक्ष्मदर्शक माझ्या डोळ्याच्या उंचीला आणला.

शाई नव्हती, हे मी प्रथम नमूद करतो. फिकट गुलाबी चकत्यांची दाटी होती, त्या तांबड्या. त्यांच्यात एखाददुसरी मोठी, आत जांभळा डाग असलेली; ती पांढरी. आणि या सगळ्यांच्या फटींत, कोणी पेन झटकावे तसे बारीक जांभळे ठिपके. त्या पट्टिका. त्यांना आकार नव्हता, मध्ये केंद्र नव्हते. तुकडा हा शब्द उताऱ्याच्या लेखकाने अगदी योग्य वापरला होता. मी बराच वेळ पाहत राहिलो. सत्तरी ओलांडेपर्यंत मी हे अंगात घेऊन हिंडलो आणि मला त्याचे योग्य नावही ठाऊक नव्हते.

मग तुम्ही लोक यांना पेशी का म्हणता, असे मी त्याला जरा चढ्या आवाजात विचारले. त्याने काच पुसत उत्तर दिले, “चाचा, पेशी बोले तो अख्खी गल्ली समझती. पट्टिका बोलूँगा तो पूछते, कौनसी पट्टी, कित्ते की?”

मी त्याचे म्हणणे टिपून घेतले आणि घरी आलो.

मंगळवारी मी हरकतीचा मसुदा केला. तीन पाने झाली. पहिल्या पानावर परीक्षा घेणाऱ्याची जबाबदारी, दुसऱ्यावर उताऱ्याचे वाक्यागणिक विश्लेषण, तिसऱ्यावर प्रश्नकर्त्याच्या निष्काळजीपणाचा निषेध. माझ्या मते ते माझे उत्तम लेखन होते. सगळ्यात शेवटी विनंतीचा परिच्छेद : ‘सबब उपरोक्त सदोष प्रश्न तात्काळ रद्द करण्यात यावा.’

सायंकाळी कामावरून सुटून ती आली. पत्नीने तिला चहा दिला, आणि ती ओट्यावर बसून तीन पाने वाचू लागली. ती ओठ हलवत वाचते. मी समोर उभा होतो. मला स्तुतीची अपेक्षा होती हे लपवण्यात अर्थ नाही. शेवटच्या ओळीवर तिचे बोट थांबले.

“रद्द झालं तर मला काय मिळणार, काका?”

न्याय मिळेल, असे मी म्हणालो.

तिने पिशवीतून परीक्षेची सूचना काढली. ती चार वेळा घडी पडून कापडासारखी झाली होती. नियम अकरावर तिने बोट ठेवले. रद्द केलेला प्रश्न एकूण गुणांतून वगळण्यात येईल. म्हणजे एकोणपन्नासपैकी चोवीस. निम्मे म्हणजे साडेचोवीस. माझ्या हरकतीचा पूर्ण विजय झाला असता, आणि ती अर्ध्या गुणाने पुन्हा नापास झाली असती.

ती सूचना रविवारी माझ्या टेबलावर येऊन गेली होती. मी तिच्यातली मुदतीची तारीख तेवढी टिपून घेतली आणि बाकी वाचली नव्हती, कारण मी रागात होतो, आणि रागात मनुष्य समोरच्याला शिक्षा मागतो, आपल्या पक्षकाराला काय हवे ते मागत नाही. छत्तीस वर्षे मी वकिलांचे अर्ज याच कारणासाठी परत पाठवले होते : मजकूर जोरदार, विनंती चुकीची.

“ह्यांना तीन मार्क पडले होते ना,” पत्नी आतून म्हणाली. “बरोबर आहे.”

मी नवा मसुदा केला. सहा ओळी. उताऱ्यानुसार रक्तद्रव हा द्रव असून पेशी नाही. सबब पर्याय क आणि ड हे दोन्ही ग्राह्य धरून त्याप्रमाणे गुण द्यावेत. निषेध नाही, विशेषणे नाहीत. तिने दोनदा वाचला, सही केली आणि बुधवारी दुपारच्या सुट्टीत देऊन पोच आणली.

तो मसुदा फाइलला लावताना मला गेल्या वर्षीची एक कार्यालयीन प्रत सापडली. खरे तर ती कुठे आहे हे मला ठाऊक होते. मी रविवारपासून तिच्याकडे पाहणे टाळत होतो. त्याच रुग्णालयाच्या व्यवस्थापनाला मी वॉर्डाबाहेरच्या बाकावर बसून लिहिलेली तक्रार. दहा परिच्छेद. त्यातला चौथा असा : ‘रुग्णाचा ताप पूर्णपणे उतरून चोवीस तास लोटले असताना व पेशी पुरेशा असताना रुग्णास निष्कारण अडकवून ठेवण्यात येत आहे.’ मी ते लिहीत असताना हीच बाई बादली घेऊन बाजूने गेली होती. “काका, ताप उतरल्यावरच बघायचं असतंय. दोन दिवस थांबा की,” असे ती तेव्हा म्हणाली होती. रुग्णालयाने नोकरांनाही शिकवून ठेवले आहे, असे मला वाटले होते, आणि तो माझा पाचवा परिच्छेद झाला होता. त्या रात्री पत्नीचा रक्तदाब घसरला, सलाइन वाढवावे लागले, दोन दिवसांत ती सावरली. मी तक्रार मागे घेतली नाही. त्या रात्रीच्या घटनेचा आणि माझ्या परिच्छेदांचा काही संबंध असेल असे माझ्या मनातच आले नव्हते. त्यासाठी एका परीक्षेचा उतारा वाचावा लागला.

त्याच संध्याकाळी तक्रार मागे घेण्याचा माझा विचार होता. पण हरकत विचाराधीन असताना त्याच संस्थेला असे पत्र गेले असते, तर ते तिच्यासाठी केलेले आर्जव ठरले असते. म्हणून मी थांबलो. आयुष्यात प्रथमच एक तयार पत्र मी न पाठवता निकाल लागेपर्यंत ठेवले.

पुढच्या आठवड्यात समितीने तिला समक्ष बोलावले. मी तिला तयार केले होते. विचारले तर एवढेच सांग की उताऱ्याच्या पहिल्या वाक्यात रक्तद्रव हा तरंगण्याचा द्रव म्हटला आहे. पट्टिकांचा विषय काढू नकोस. तिने मान डोलावली होती.

परत आली ती थेट स्वयंपाकघरात गेली. मी दारात उभा राहून ऐकले. समितीत तिघे होते. मध्ये वॉर्डाच्या ज्येष्ठ डॉक्टरबाई. त्यांनी हरकत वाचली आणि विचारले की हे तू लिहिलेस का. हिने सांगितले, काकांनी लिहिले. मग त्यांनी विचारले की परीक्षेत खूण करताना तुझ्या मनात हेच होते का.

“मग?” पत्नीने विचारले.

“मी म्हटलं, नाही मॅडम. मला वाटलं पट्टिका म्हणजेच पेशी. वॉर्डात सगळेच म्हणतात. तुम्ही पण म्हणता.”

पक्षकाराने स्वतःच्या तोंडाने आपला अर्ज फाडावा, तसे ते होते.

डॉक्टरबाई हसल्या नाहीत, असे तिने सांगितले. त्या म्हणाल्या, म्हणजे तुझे उत्तर बरोबर आणि कारण चूक. त्यावर ही म्हणाली होती, “मॅडम, पेपरात कारण विचारलं नव्हतं.”

मी तीन पाने लिहून आणि नंतर सहा ओळींत आटपून जे मांडू शकलो नव्हतो, ते या बाईने चार शब्दांत मांडले होते. योग्य निर्णय चुकीच्या कारणाने दिला गेला तरी तो टिकतो, हे तत्त्व मी वरिष्ठ न्यायालयांच्या निकालपत्रांत कित्येकदा वाचले आहे. तिने ते कुठेही वाचलेले नव्हते. वर तिने खोटेही बोलायचे नाकारले होते, जे मी तिला अगदी सभ्य शब्दांत शिकवले होते.

शुक्रवारी सूचनाफलकावर कागद लागला. प्रश्न क्रमांक अमुक, पर्याय क व ड दोन्ही ग्राह्य. तिला पंचवीस झाले. नाव यादीत सर्वांत शेवटी होते, आणि तिने मोबाइलवर काढून आणलेल्या छायाचित्रात ते अर्धे कापले गेले होते. पत्नीने ते बोटांनी मोठे करून पाहिले आणि शेंगदाण्याच्या पोळ्यांचा डबा तिच्यापुढे ठेवला.

त्यानंतर मी माझे राखून ठेवलेले पत्र काढले. ते पुढीलप्रमाणे होते. ‘मागील वर्षी मी आपणांकडे केलेल्या तक्रारीतील परिच्छेद एक ते नऊ मी याद्वारे बिनशर्त मागे घेत आहे. परिच्छेद चारमध्ये ‘पेशी’ हा शब्द जिथे आला आहे तिथे ‘रक्तपट्टिका’ असे वाचावे. परिच्छेद दहा, वॉर्डातील पंख्याच्या आवाजाबाबत, कायम ठेवत आहे.’

प्रशिक्षण सुरू होण्याच्या दिवशी ती पाया पडायला आली तेव्हा मी ते पाकीट, कार्यालयात देण्यासाठी, तिच्या हाती ठेवले. ते उघडेच होते. तिने कागद काढला आणि ओट्यावर बसून, ओठ हलवत, सबंध वाचला. एकाच ठिकाणी तिचे बोट थांबले.

“पंखा अजून तसाच आहे, काका,” ती म्हणाली. “हे ठेवलंत ते बरं केलंत.”